धूर की धुरा

माझ्या ऑफिसात हल्ली जी पोरं-पोरी ज्युनिअर म्हणून येतात, ती पहिल्या आठ दिवसांत एकच प्रश्न विचारतात. "मॅडम, पुढे स्कोप कशात आहे?" कुणाला सायबर घ्यायचं असतं, कुणाला कंपन्यांचं काम, कुणी न्यायाधीशाच्या परीक्षेचा फॉर्म खिशात घेऊनच आलेलं असतं. मी त्यांना चहा पाजते आणि विषय बदलते. कारण खरं सांगायचं तर वकिलीतली माझी वाट मी निवडली ती टायपिंगच्या एका चुकीमुळे, आणि तो कागद तपासून 'बरोबर आहे' म्हणणारी मीच होते. हे काही नव्या ज्युनिअरला पहिल्या आठवड्यात सांगण्यासारखं नाही. पुस्तकात लिहायला हरकत नाही, पुस्तकं ते वाचत नाहीत.

त्या हिवाळ्यात मी अमरावतीहून वकिलीची पदवी घेऊन वाशीमला घरी आले होते. घर म्हणजे गावाबाहेरची दोन एकर बागायत आणि तिच्या कडेला बांधलेल्या चार खोल्या. आमच्याकडे सकाळ मेथीने व्हायची. माय ओट्यावर बसून जुड्या बांधायची आणि मुळांची माती झाडायला प्रत्येक जुडी फरशीवर आपटायची. त्या थप्-थप् आवाजाने मी लहानपणापासून जागी होत आले. मग सांभार, मग पालक, मग ओल्या पोत्यावर सगळं मांडून वरून पाण्याचा हबका. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो. होस्टेलवर माझी खोलीवाली पुण्याची होती. "घरून सांभार आलं" असं मी म्हटलं, की ती बिचारी ताटली घेऊन इडली शोधायची. बाबा आंगणात वांग्यांचे तीन ढीग करायचे, एक बाजाराचा, एक हॉटेलवाल्याचा आणि तिसरा किडक्यांचा, म्हणजे आमचा. किडकी वांगी गोड असतात असं आम्हाला सांगितलेलं होतं आणि मी पदवीधर होईपर्यंत ते खरं मानत होते. अजूनही मानते. मायच्या हातचं ते भरीत, त्यात कच्चा कांदा आणि कांद्याची पात, सोबत ज्वारीची गरम भाकर. हे लिहिता लिहिता उठून स्वयंपाकघरात जाऊन यावंसं वाटतं.

अमरावतीहून मी पदवीबरोबर आणखी एक गोष्ट आणली होती, ती म्हणजे शुद्ध मराठी. आमच्याकडे बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मी 'येते, जाते' म्हणायला लागले होते आणि माय हसायची. "काय वं सुनंदे, तू बोलून राह्यली का बातम्या देऊन राह्यली?" मला राग यायचा. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, सगळ्या गोष्टींचा राग येण्याचं आणि सगळ्या गोष्टींचा आनंद होण्याचं ते वय. काळा कोट घातला की मला वाटायचं, आता जग माझ्यापुढे उभं राहून तारीख मागणार.

वाशीमच्या कोर्टात मी राऊत वकिलांकडे ज्युनिअर म्हणून लागले. राऊतसाहेब म्हणजे फौजदारीतलं मोठं नाव. त्यांची उलटतपासणी असली की बाररूम रिकामी व्हायची आणि चहावाला कप घ्यायला आत येऊन तिथेच उभा राहायचा. मला तेच करायचं होतं. आवाज चढवून साक्षीदाराला विचारायचं, "तेव्हा चंद्र कोणत्या बाजूला होता?" आणि त्याने गडबडायचं. घरी मी मायची उलटतपासणी घ्यायचे. तिने भाजीत मीठ दोनदा घातल्याचं मी एकदा तिच्याच तोंडून कबूल करून घेतलं होतं, आणि त्या दिवशी जेवण मलाच करावं लागलं होतं.

दुसरी वाट पुण्याची होती. होस्टेलातल्या मैत्रिणीच्या ओळखीने मी तिथल्या एका मोठ्या वकिली फर्मला अर्ज टाकला होता. कंपन्यांचे करार, काचेची इमारत, बसल्या जागी कॉम्प्युटर. सगळे म्हणायचे पुढचा काळ त्याचाच. तिसरी वाट आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेक वकिलांच्या पायाखालची, तहसीलची. सातबारा, फेरफार, मोजणी, रस्ता, धुरा. धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधली मातीची उंच पट्टी, जिला बाकी महाराष्ट्र बांध म्हणतो. या कामाला बाररूममध्ये 'मातीची वकिली' म्हणत आणि म्हणताना थोडं हसत. मी तर त्या वाटेकडे बघतही नव्हते. माती झटकूनच मी इथवर आले होते ना.

बाबांना यातलं कायद्याचं काही कळत नव्हतं, पण त्यांना विचारायची मला सवय होती. एका संध्याकाळी ते मिरचीच्या वाफ्यात पाणी फिरवत होते आणि मी धुऱ्यावर बसून फौजदारी की कंपनी याचा हिशेब मोठ्याने करत होते. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग फावड्यानं पाण्याचं तोंड दुसऱ्या वाफ्यात वळवून म्हणाले, "बजारात आज जे महाग हाये ते लावू नको. समदे तेच लावतात. तुह्यं निघते तवा कोनी इचारत नाई."

"मग काय लावू?"

"लोकायले जे रोज लागते ते." आणि फावडं खांद्यावर टाकून, "म्हनूनच तं मी सांभार लावतो."

कोथिंबिरीवरून करिअर ठरवायला मी काही तयार नव्हते. मी रुसून आत गेले.

राऊतसाहेबांनी मला स्वतंत्रपणे दिलेलं पहिलं काम गिरजामायचं. गिरजामाय मेडशीकडच्या एका लहान गावातली सत्तरीला टेकलेली बाई. नवरा नाही, दोन मुली लांब दिलेल्या, एक एकराचं वावर, त्यात विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी, सांभार. वावरातून सडकेला यायला तिला एकच वाट होती, तिच्या आणि शेजारच्या उत्तमभाऊंच्या वावरामधला धुरा. उत्तमभाऊ तिच्या नवऱ्याचा चुलत पुतण्या. दर पेरणीला तो धुऱ्याची एक-एक सरी नांगरून आपल्याकडे घेत होता. बैलगाडी जाईल एवढा धुरा आता पाऊल पडेल एवढा उरला होता. डोक्यावर टोपलं घेऊन ती त्यावरून चालायची ती तारेवर चालल्यासारखी. एकदा पडली आणि मनगट दुखावून घेतलं.

"मले त्याचं वावर नाई पाह्यजे," ती ऑफिसात खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "मले माही चालाची जागा पाह्यजे. मी मेल्यावर घे म्हना समदं. पन मी चालून राह्यली तोवर राहू दे."

मी अर्ज लिहिला. शुद्ध मराठीत, 'सबब', 'तदनंतर' आणि 'येणेप्रमाणे' यांचा सढळ हाताने वापर करून. साहेबांनी वाचला, एवढंच म्हणाले, "बाईचा शब्द ठेव. ती धुरा म्हणते, तं धुराच लिही. बांध लिहिला तं ती ओळखनार नाई आपला अर्ज." म्हणून विषय असा झाला: धुऱ्यावरून वाद होत असल्याबाबत. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे तो टाईप झाला. त्या मशीनवर 'ऱ्य'मधला तो पापणीसारखा आडवा र उमटत नसे. टायपिस्ट तो नंतर पेनाने काढायचा, आठवण राहिली तर. त्या दिवशी राहिली नाही, आणि 'धुऱ्यावरून'चं 'धुयावरून' झालं. मी कागद तपासला तो उभ्याने, एक डोळा सेशन कोर्टाच्या दाराकडे ठेवून, कारण आत साहेबांच्या खुनाच्या खटल्यात पंच साक्षीला आला होता. कलमं तपासली, नावं तपासली, गट नंबर तपासला. विषयाची ओळ कोण तपासतं? ती तर सगळ्यात मोठ्या अक्षरात असते.

महिन्याभराने प्रकरण लोकअदालतीत लागलं. मांडव, रांगा, खुर्च्या, एका टेबलाशी तीन-तीन प्रकरणांचे लोक. आमच्या टेबलावरचे मुख्य गृहस्थ बाहेरच्या जिल्ह्यातले, सज्जन, घाईत. त्यांनी अर्ज वर-वर पाहिला, विषयातला तो शब्द अंदाजाने लावला आणि दोघांकडे बघून विचारलं, "काय हो, सख्खे शेजारी, नात्यातले. यापुढे धुरावरून भांडायचं नाही. कबूल?"

"कबूल," गिरजामाय म्हणाली.

"कबूल साहेब," उत्तमभाऊ म्हणाला. त्यालाही घरी जायचं होतं.

"आणि तुम्ही यांना त्रास देणार नाही."

"नाई देनार."

पाच मिनिटं. निवाडा टाईप होऊन आला, एकीचा अंगठा, एकाची सही, बाजूला माझी सही. मी इतकी हरखले होते की कागद वाचला नाही, नुसता पाहिला. माझी पहिली केस! गिरजामायने पिशवीतून चार वांगी काढून माझ्या हातात दिली, ढिगातली पहिल्या नंबरची. मी ती काळ्या कोटाच्या खिशात घालून घरापर्यंत जवळजवळ पळत आले.

मग एकाच आठवड्यात सगळं आलं. सोमवारी पुण्याहून फोन. आमच्या घरात एकच मोबाइल होता, बटणांचा, बाबांच्या खिशात, बाजाराचा भाव विचारायला. फोन आला तेव्हा बाबा बाजारात होते. फर्मच्या मॅडमनी आपलं नाव सांगून "सुनंदा आहेत का?" असं विचारलं. गलबल्यात बाबांना काय ऐकू आलं देव जाणे; त्यांनी मॅडमना मेथीचा ठोक भाव सांगितला आणि माल उद्या सकाळी भेटेल असं कबूलही केलं. संध्याकाळी मी परत फोन लावला तेव्हा मॅडम हसत होत्या. माझी निवड झाली होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होय की नाही कळवायचं. मी ओट्यावरून उडी मारली आणि मायने बांधलेल्या मेथीवर पडले.

मंगळवारी राऊतसाहेब म्हणाले, "शुक्रवारी खुनाच्या केसमंधी माहा अंतिम युक्तिवाद हाये. शेवटचा एक मुद्दा तू मांड. पाच मिनिटं. जमन?" सेशन कोर्टात! लोकांनी भरलेल्या! मी आरशापुढे उभी राहून त्या पाच मिनिटांची इतकी तालीम केली की मायला तो मुद्दा पाठ झाला आणि भाकरी थापताना ती तो म्हणायला लागली. मी ठरवलं, शुक्रवारी दुपारी युक्तिवाद करून बघते. अंगात वीज आली तर फौजदारी, नाही तर पुणे. इतकं सोपं होतं ते.

बुधवारी सकाळी उत्तमभाऊ ऑफिसात आला. साहेब कोर्टात होते, मी एकटी. तो दारातच चपला काढून, हात जोडून उभा.

"वकीलीनबाई, एक दिवसाची परवानगी पाह्यजे."

"कसली?"

"धूर कराची."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्याने खिशातून घडी घातलेला निवाडा काढला. पोरगी नर्सिंगला लागली म्हणून त्याने नवस बोलला होता. रविवारी वावरातल्या देवापुढे शंभर माणसांना रोडगे. रोडगे म्हणजे जाड दळलेल्या गव्हाचे थरावर थर दिलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजून तुपात बुडवलेले. आमच्या वऱ्हाडात मोठं जेवण म्हणजे हेच. आणि शंभर माणसांचे रोडगे म्हणजे गोवऱ्यांचा डोंगर आणि धुराचा लोट. आवतणं गेली होती. मग काल पोरीने कपाटातला कागद सहज वाचला आणि म्हणाली, बाबा, आपल्याला वावरात धूर करायला कोर्टाची बंदी आहे.

मी कागद घेतला. 'उभय पक्षांत धुरावरून वाद होता. सामनेवाला हा यापुढे अर्जदाराच्या शेताच्या बाजूस धूर करणार नाही. प्रकरण आपसात निकाली.' खाली माझी सही. वळणदार.

"आणि धुरा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"धुऱ्याचं कागदात काईच नाई ना, बाई," तो खरोखर भोळेपणाने म्हणाला. "म्हनून मंग मी तो नांगरून टाकला. मले वाटलं कोर्टानं धुरा मले देला आन् धूर काकीले."

पायाखालची फरशी सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, ते मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. गिरजामायला आता वाटच नव्हती, आणि ती मी माझ्या सहीने घालवली होती. उत्तमभाऊला "थांबा, शुक्रवारी मी वावरात येते, तोवर काही पेटवू नका आणि काही नांगरू नका" एवढंच सांगून मी वाटेला लावलं आणि दार लावून रडले.

संध्याकाळी साहेबांना सगळं सांगितलं. चूक माझी, टायपिस्टची नाही, हेही सांगितलं. साहेब आधी कागदाकडे बघत राहिले, मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मला इतका अपमान वाटला की कोट काढून तिथेच ठेवावा. मग हसू आवरून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"सुनंदा, माह्या शुक्रवारच्या केसमंधी मानूस काहून मेला, मालूम आहे?"

"पूर्ववैमनस्यातून," मी दोषारोपपत्रातला शब्द सांगितला.

"ते पोलिसायनं लिहिलं. त्याच्या आंदी पाच साल धुरा होता. एका सरीचा." त्यांनी चष्मा पुसला. "मी जिंदगीभर भांडनाच्या शेवटी जाऊन उभा राह्यलो. नाव झालं, लोक आयकाले येतात. पन मानूस तं मेलेलाच असते. तू आत्ता सुरवातीले उभी हायेस. दोघंही पक्षकार जिते हायेत, बोलून राह्यले. चूक दुरुस्त होते, दोघायचा एक अर्ज असला तं. शुक्रवारी कुठं जायाचं, ते तू पाह्य."

शुक्रवारी कुठे जायचं यावर मी गुरुवारचा दिवसभर स्वतःशी भांडले. पण खरं सांगते, त्या रडण्याखाली काहीतरी उड्या मारत होतं. एक डोक्यातून जात नव्हतं: उत्तमभाऊला धूर पाहिजे, गिरजामायला धुरा पाहिजे, आणि दोन्हींची किल्ली एकाच कागदात. त्याला धूर सोडवायचा असेल तर दुरुस्तीच्या अर्जावर सही करावी लागेल, आणि सही केली की धुरा आपोआप परत. कुलपात किल्ली बसावी तसं. अंगात वीज वगैरे जे म्हणतात ते मला सेशन कोर्टात न जाताच, मायबरोबर मेथी निवडताना झालं. मी साहेबांना निरोप दिला, माझी पाच मिनिटं तुम्हीच घ्या.

शुक्रवारी बाबांचा मोबाइल मागून घेऊन मी मेडशीच्या एसटीत बसले. तिथून पुढे पायी. दोन्हीकडे तूर काळ्या-पिवळ्या शेंगांनी लवलेली, हवेत गारवा, आणि मी मनात कलमं म्हणत चाललेली. गिरजामाय आणि उत्तमभाऊ आपापल्या वावरात, जिथे धुरा होता त्याच्या दोन बाजूंना उभे होते. मधे ताजी नांगरलेली माती. तिची मेथी हातभर वाढून फुलावर आलेली. बाहेर काढायला वाटच नव्हती म्हणून तशीच उभी.

मी उत्तमभाऊला सगळं सरळ सांगितलं. "भाऊ, मी तुमची वकील नाही, गिरजामायची आहे, हे आधी ऐका. कागदात चूक झाली, ती माझी. धुऱ्याऐवजी धूर पडलं. दुरुस्ती केली तर तुम्हाला रोडगे भाजायची मोकळीक होईल, पण धुरा सोडावा लागेल. दुसऱ्या वकिलाला विचारायचं तर विचारा." आणि मग मी शांत उभी राहिले, बुद्धिबळात शह दिल्यासारखी.

तो मातीकडे बघत राहिला. दोन सरींची माती होती ती, पण काळी, चांगली. "नाई सही केली तं?"

"तर धुराची बंदी राहील." माझा हुकमी पत्ता.

तेवढ्यात गिरजामाय बोलली. "कोनाची बंदी? माही का?" ती माझ्याकडे वळली. "पोरी, अर्ज माहा हाये ना? मंग मी नाई करत तक्रार. त्याच्या पोरीचा नवस हाये. माही नात हाये ते. धुरावून कायले भांडू मी? मी तं धुऱ्यावून भांडून राह्यली."

"गिरजामाय, थांबा—" मी म्हणाले. माझा हुकमी पत्ता ती माझ्या डोळ्यांदेखत फाडत होती. पण ती थांबणारी नव्हती. तिने आपल्या खोपीतून पदरात चार गोवऱ्या घेतल्या, नांगरलेल्या ढेकळांतून तोल सावरत उत्तमभाऊच्या वावरात गेली, त्याच्या देवापुढे गोवऱ्या रचल्या आणि काडी लावली. तिच्या अंगठ्याच्या नखात निवाड्याच्या शाईचा डाग अजून तसाच होता. वाऱ्याने धूर सरळ तिच्याच वांग्यांवर गेला.

"घे," ती म्हणाली, "केला धूर. आता मले धर कोर्टात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, धुराने असेल. मी पार हरले होते. उत्तमभाऊ तिच्याकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग त्या ढेकळांकडे, ज्यांवरून ती सत्तर वर्षांची बाई पडत-पडत आली होती. तो आपल्या खोपीत गेला, दोरी आणि पाच-सहा खुंट्या घेऊन आला, आणि जुन्या धुऱ्याच्या टोकाला निंबाच्या मुळाशी पहिली खुंटी ठोकली.

"काकी, बैलगाळी जाईन एवढा धरू का?" त्याने मान वर न करता विचारलं.

"टोपलं जाईन एवढा धर," ती म्हणाली. "गाळी कोनाची येते माह्याकडे."

"मंग गाळी जाईन एवढाच धरतो. पोरी आल्या तं गाळीतच येतीन."

मी तिथेच खाली बसले, फाईल मांडीवर घेतली आणि दुरुस्तीचा अर्ज हाताने लिहायला लागले. उत्तमभाऊ म्हणाला, "आता कागद कायले, बाई? झालं ना." आणि त्या क्षणी, आजवर जे मला कुणी समजावू शकलं नव्हतं ते मला समजलं. "भाऊ, आज तुमचं मन चांगलं आहे," मी म्हणाले. "आजच लिहून ठेवू. पुढच्या पेरणीला कामी येईल." 'सबब' नाही, 'तदनंतर' नाही. 'धुऱ्यावरून' हा शब्द मी एवढा मोठा लिहिला, आडव्या र-ची पापणी एवढी लांब काढली, की ती खालच्या ओळीत उतरली. त्याने सही केली, तिने अंगठा. दुरुस्ती पुढच्या आठवड्यात झाली. त्या अर्जाची झेरॉक्स माझ्या ऑफिसात आज काचेखाली आहे. ज्युनिअर पोरांना वाटतं, मॅडमचं अक्षर पहिल्यापासूनच खराब.

गोवऱ्या पेटल्याच होत्या म्हणून गिरजामायने त्यात सहा रोडगे लावले आणि आरात चार वांगी. तोवर उत्तमभाऊने दोरीप्रमाणे माती ओढून धुरा उभा केला, आणि आम्ही तिघांनी त्या नव्या धुऱ्यावर बसून ते खाल्ले. नंतर कितीतरी मोठी जेवणं झाली. जिल्ह्यातून मोठा रस्ता गेला, जमिनी संपादनात गेल्या, सातबारा मोबाइलवर आला, मोजणीला ड्रोन आले, आणि दर नव्या गोष्टीबरोबर धुऱ्याचे शंभर नवे वाद घेऊन माणसं माझ्या ओट्यावर बसली. कोथिंबिरीचं गणित बरोबर निघालं. पण त्या दिवशी मी यातलं काही बघितलं नव्हतं, कुठल्या भविष्याचा हिशेब केला नव्हता. मला फक्त रोज हेच करायचं होतं.

उन्हं उतरायला लागली तसा पुण्याचा फोन आठवला. वावरात नेटवर्क नव्हतं. मोबाइल वर धरून मी इकडे गेले, तिकडे गेले. शेवटी रेघा आल्या त्या धुऱ्याच्या मधोमध, सगळ्यात उंच जागी उभी राहिल्यावर. मॅडमनी दुसऱ्याच घंटीला उचलला. मी सांगितलं, मी येत नाही, तुमचे फार उपकार आहेत. त्या मग मायेनेच म्हणाल्या, "अगं, पण तिथे राहून तू करणार काय? कशाची प्रॅक्टिस करणार?"

"धुऱ्याची," मी म्हणाले.

"कशाची? धुराची?"

"नाही मॅडम, धुऱ्याची!" मी ओरडले, आणि खाली वांग्यांत वाकलेली गिरजामाय दचकून उभी राहिली. तिला वाटलं, मी तिलाच हाक मारली. तिने टोपलं डोक्यावर घेतलं आणि ती धुऱ्यावरून माझ्याकडे चालत यायला लागली, दोन्ही हात मोकळे सोडून.